रूळ ओलांडणारी पायवाट: पूल नेमका कुठे हवा?

पलीकडची (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. विषय आमच्या दारातला आहे.

मुंबईच्या एका उपनगरात रुळांना लागून आमची चाळ आहे. स्टेशनचं नाव मुद्दाम देत नाही, अर्ज-विनंत्या अजून चालू आहेत. चाळीच्या नळापासून पंधरा पावलांवर हद्दीची भिंत, आणि त्या भिंतीत भगदाड. हात टेकून टेकून त्याच्या विटांच्या कडा तेलकट, गुळगुळीत झाल्या होत्या. पाय ठेवायला कुणीतरी कडप्प्याचा तुकडा टाकला होता, तो मधोमध झिजला होता. पलीकडे चार मार्ग, दोन स्लो आणि दोन फास्ट. खडीतून गेलेली वाट लांबूनही ओळखू येते, तिथली खडी दबून पांढुरकी पडली आहे.

शाळा पलीकडे. बाजार, रेशनचं दुकान आणि दवाखानाही पलीकडेच. चाळीतली म्हातारी माणसं सांगतात, ही वाट त्यांच्या लहानपणीही होती. तेव्हा इथे भिंत नव्हती आणि गाड्याही फार नव्हत्या.

मी घड्याळ लावून मोजलं. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा. स्टेशनच्या पुलावरून गेलो तर चाळीच्या दारापासून दवाखान्यापर्यंत २६ मिनिटं लागली. त्यात पायऱ्यांवर दोनदा बसणं आलं, एका बाजूच्या पायऱ्याच ४७ आहेत. खडीवरून तेच अंतर ४ मिनिटांचं.

गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या मावशी गेल्या. मासळी विकायच्या. डोक्यावर पाटी होती. स्लोवर लोकल येताना दिसली म्हणून त्या थांबल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलं. शेवटचा डबा पुढे सरकला तसं त्यांनी पाऊल टाकलं, आणि त्या गाडीच्या आडून फास्टवर उलट दिशेने दुसरी आली. पाटीतला बर्फ बराच वेळ खडीत तसाच होता.

आठवड्याभरात भगदाड बुजवलं गेलं. महिन्याच्या आत तिथून चाळीसएक पावलांवर दुसरं पडलं. आधीचं सरळ पट्ट्यात होतं, दोन्ही बाजूंनी लांबवर दिसायचं. हे नवीन वळणाला लागून आहे.

आम्ही चाळवाल्यांनी पूल मागितला. उत्तर आलं की जवळ पादचारी पूल उपलब्ध आहे. आमचं म्हणणं एवढंच आहे की पाय जिथून जातात तिथे पूल द्या. कुणाच्या भागात असं काम झालं असेल तर कसं झालं ते सांगा. कुणाकडे अर्ज करायचा, खर्च कुणी करायचा, कागद कोणते लागतात, सगळं.

सकाळची_६_१२

ताई, वाचून सुन्न झालो. मीही रोज एक असंच भगदाड पाहतो. वाचतोय.

नियमाने

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे, पण स्पष्ट लिहितो. रूळ ओलांडणं गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणूस गेला तर भरपाईही मिळत नाही. पूल असताना खाली उतरायचं आणि मग पूल जवळ हवा म्हणायचं, हे मला पटत नाही. प्रत्येक भगदाडावर पूल बांधायचा तर पैसा कुठून आणायचा? माझे वडील साठीनंतरही पुलावरूनच जायचे. सवय लावली की लागते.

पलीकडची

नियमाने, गुन्हा आहे हे मान्य. मुलांना मी स्वतः पुलावरूनच नेते. पण डोक्यावर पंधरा किलोची पाटी आणि ४७ पायऱ्या चढून ४७ उतरणं, दिवसातून दोनदा, हे तुमच्या वडिलांना करावं लागत नव्हतं. मावशींना सवय नव्हती असं नाही, त्यांना ते झेपत नव्हतं.

मोटरमन_निवृत्त

३१ वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी लोकल. दोघांचंही वाचलं. कॅबमधून काय दिसतं ते सांगतो.

गाडी ताशी ९० किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला २५ मीटर जाते. चार मार्गांचा पट्टा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वीसेक मीटर धरा. खडीवरून, ओझं घेऊन, रूळ चढत-उतरत माणूस सेकंदाला मीटरभर चालतो. म्हणजे त्याला २० सेकंद लागतात आणि तेवढ्यात मी ५०० मीटर पुढे आलेलो असतो. म्हणून ज्या माणसाने पाहून पाऊल टाकलं, त्यालाही वळणाआडची गाडी दिसलेलीच नसते. ताई, वळणाजवळचं भगदाड सरळ पट्ट्यातल्यापेक्षा घातकी आहे, हे तुमचं शंभर टक्के खरं.

मावशींच्या बाबतीत झालं त्याला आम्ही 'दुसरी गाडी' म्हणायचो. १२ डब्यांची लोकल पाव किलोमीटरच्या आसपास लांब असते. ती जाईपर्यंत तिच्या पलीकडचं काहीच दिसत नाही, आणि तिच्याच आवाजात दुसरीचा आवाज बुडतो. थांबलेला माणूस घाईत असतो, शेवटचा डबा सरकताच तो निघतो. सगळ्यात जास्त भीती मला याच माणसाची वाटायची. तो निष्काळजी नसतो, थांबलेला असतो.

आणखी एक. जुन्या डीसी गाड्यांचा आवाज लांबून यायचा. २५,००० व्होल्ट एसीवरच्या नव्या गाड्या त्या मानाने हलक्या आवाजात येतात. जुन्या लोकांचा कान त्या आवाजाला सरावलेला होता.

हॉर्न आम्ही देतोच. पण दिवसभर हॉर्न ऐकणाऱ्या वस्तीला तो ऐकू येईनासा होतो. वडाळ्याजवळ २००९-१०च्या सुमारास एक प्रयोग झाला होता. रुळांखालचे काही आडवे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे गाडी किती वेगात येतेय ते डोळ्यांना कळावं. मोठी वस्तू लांबून येताना आहे त्यापेक्षा हळू येतेय असं वाटतं, माणसाची नजर तिथे फसते. गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे फोटो लावले. आणि हॉर्न एका लांब सुरात न देता तुटक, दोन वेळा द्यायचा. मला ते पटलं होतं, कारण त्यात माणसाला मूर्ख ठरवलेलं नव्हतं.

इमर्जन्सी ब्रेक मारला तरी गाडी काही शे मीटर जातेच. हात ब्रेकवर असतो आणि समोरचा माणूस तुमच्याकडे बघत असतो. माझ्या गाडीखाली किती आले तो आकडा मी घरात कधी सांगितलेला नाही, इथेही सांगत नाही.

सकाळची_६_१२

काका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आकडेमोड

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात आणि त्यातली ६,००० च्या आसपास एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, असं त्यात नोंदवलं होतं. या मृत्यूंना समितीने हत्याकांड म्हटलं आणि कोणताही सुसंस्कृत समाज ते खपवून घेऊ शकत नाही, असं लिहिलं. सगळी फाटकं, गेटमन असलेली आणि नसलेली, पाच वर्षांत काढून टाका अशी शिफारस केली. खर्चाचा अंदाज ५०,००० कोटींचा होता. ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली फाटकं जानेवारी २०१९ च्या अखेरीस संपली, हे मोठंच काम झालं. पण ती रस्त्यांची फाटकं. भगदाडातली पायवाट कुठल्याच यादीत नसते, कारण कागदोपत्री ती अस्तित्वातच नाही.

आणि 'नियमाने' यांना: पैसा आणि वेळ हे खरे अडथळे आहेत, पण इच्छा असली की काय होतं तेही पाहिलंय. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. ऑक्टोबरअखेर लष्कराला काम दिलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली असे तीन पूल खुले झाले. चार महिन्यांत! पुलांसाठी त्या २३ जणांना मरावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

कलम_सोळा

जमिनीच्या कागदांचं काम करतो, म्हणून कायद्यातला दुसरा भागही लिहितो. सगळे १४७ सांगतात, त्याच कायद्याचं १६ कुणी सांगत नाही.

रेल्वेमार्गामुळे ज्या जमिनींच्या वापरात खंड पडतो, तो भरून काढायला राज्य सरकारच्या मते लागतील तेवढी क्रॉसिंग, पूल, मोऱ्या (रुळांखालून जाणारे छोटे मार्ग) आणि वाटा बांधणं आणि राखणं हे कलम १६ ने रेल्वे प्रशासनाचं कर्तव्य ठरवलं आहे. म्हणजे वाट रुळांनी तोडली, हे कायद्याला ठाऊक आहे.

पण त्याला मुदत आहे. त्या जमिनीतून मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून १० वर्षं उलटली की जमीनमालकांसाठी आणखी वाटा बांधून देण्याचं बंधन रेल्वेवर राहत नाही. त्यानंतर कलम १७. जमीनमालक, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था यांना नवीन पूल किंवा वाट हवी असेल तर मागता येते, पण त्यांच्या खर्चाने. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. तिथली दहा वर्षं कधी संपली ते बघा! तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना शेतं, खाजणं आणि गावं होती. पुढे वस्ती वाढली, दोनाचे चार मार्ग झाले, काही ठिकाणी सहा, आणि मुदत मात्र केव्हाच उलटलेली.

ताई, याचा तुमच्यासाठी अर्थ असा. नुसता रेल्वेकडे अर्ज केलात तर 'पूल उपलब्ध आहे' हेच उत्तर येत राहील. मागणी महापालिकेकडून जायला हवी, खर्चाच्या तरतुदीसकट. नगरसेवकाला, आमदाराला धरा, प्रभागातून ठराव होऊ द्या. मग संयुक्त पाहणी मागा. दोन्हीकडचे अभियंते एकाच दिवशी, एकाच जागी उभे राहिले पाहिजेत, नाहीतर फाइल इकडून तिकडे फिरत राहते. एमआरव्हीसीच्या (मुंबई रेल्वे विकास महामंडळ) एमयूटीपी-३ या मुंबईच्या वाहतूक प्रकल्पात स्टेशनांच्या दरम्यान रूळ ओलांडणं थांबवण्याची कामं होती, त्यात पूलही होते. तुमचा पट्टा त्यात किंवा नंतरच्या एखाद्या कामात आहे का, ते माहिती अधिकारात विचारा. एका अर्जात एकच प्रश्न ठेवा, मोघम विचारू नका. स्टेशन, किलोमीटरचा खांब, वर्ष, सगळं लिहा.

पाखाडी

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी वरच्या वाडीतून खालच्या वाडीत जायला जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट होती, आजीच्या आजेसासऱ्यांच्या वेळची. मार्गासाठी डोंगर कापला तेव्हा पाखाडी मधोमध तुटली. वरच्या पायऱ्या कटिंगच्या काठावर येऊन संपतात, खालच्या समोरच्या काठावर सुरू होतात. मधे दोन मजले खोल चर आणि तळाला रूळ.

आमच्याकडे मोरी मिळाली, वळसा घालून जाते. गुरं आणि माणसं तिथूनच जातात. पावसात गुडघाभर पाणी असतं, पण गाडीची भीती नाही. गावाने भांडून ती मोरी घेतली ती मार्गाचं काम चालू असतानाच. तेव्हाच्या सरपंचांनी प्रत्येक पाणंद, प्रत्येक पाखाडी आणि देवळाची वाट नकाशावर लाल पेन्सिलीने काढून दिली होती. शेजारच्या गावाने दिली नाही. ते लोक आजही रुळावरूनच जातात, देवाची पालखीसुद्धा. आता 'कलम सोळा' यांनी दहा वर्षांचं लिहिलं ते वाचल्यावर त्या लाल पेन्सिलीचं मोल कळलं.

जिथे नवीन मार्ग किंवा दुहेरीकरण होतंय तिथल्या लोकांनी हे लगेच करा. काम चालू असतानाच वाटा नोंदवून घ्या.

केंटमधून

मी इंग्लंडमध्ये केंटला राहते. इथे शेतातून जाणारी सार्वजनिक पायवाट हा कायद्याने धरलेला हक्क आहे. वाट रेल्वेच्या आधीची असेल तर रूळ आले तरी हक्क मोडत नाही, म्हणून अशा हजारो वाटा आजही थेट रुळावरून जातात. आमच्या घरामागे एक आहे. आपोआप बंद होणारं छोटं फाटक, त्यावर पाटी: थांबा, पाहा, ऐका, गाडीपासून सावध. रुळांच्या मधे खडबडीत फळ्या, पाय घसरू नये म्हणून. आमच्याकडे विजेचा तिसरा रूळ असतो, ७५० व्होल्टचा. वाट जिथे ओलांडते तेवढ्या भागात तो रूळ तोडलेला असतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा थांबूनच राहिले. चालणाऱ्या माणसासाठी वीज बाजूला झाली होती.

पण हे सगळं चांगलंच आहे असं म्हणणार नाही. डिसेंबर २००५ मध्ये एसेक्समधल्या एल्सनहॅम स्टेशनात दोन शाळकरी मुली अशाच पायवाटेच्या क्रॉसिंगवर गाडीखाली येऊन गेल्या. दिवे लाल होते, भोंगा वाजत होता. एक गाडी गेली, भोंगा वाजतच राहिला, मुलींना वाटलं तो गेलेल्या गाडीचाच. दुसरी आली. मोटरमनकाकांनी लिहिलं तेच, अगदी तेच. फाटकाला कुलूप लागत नव्हतं. तिथला धोका आधीच लिहून ठेवलेली कागदपत्रं काही वर्षांनी बाहेर आली आणि २०१२ मध्ये नेटवर्क रेलला, म्हणजे इथले रूळ सांभाळणाऱ्या संस्थेला, १० लाख पौंड दंड झाला. पूल त्याआधी, २००७ मध्ये बांधला गेला होता. २००९ नंतर त्यांनी देशभरातली हजाराहून जास्त क्रॉसिंग बंद केली, आणि आता वाटा बंद होतात म्हणून चालणारे लोक भांडतात.

मला यातून एक घ्यावंसं वाटतं. इथे प्रत्येक क्रॉसिंगला नाव आणि नोंद आहे, आणि तिथून किती माणसं जातात ती मोजणी होते. मुलींच्या आईवडिलांना लढता आलं, कारण ती वाट कागदावर होती. आकडेमोड यांनी लिहिलंय ना, भगदाड कागदावर नाही. ताई, तुमची वाट आधी कागदावर आणा.

नियमाने

सगळे प्रतिसाद वाचले. मोटरमनसाहेबांचं गणित दोनदा करून पाहिलं. थांबलेला माणूसही मरतो, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. ओलांडू नये हे माझं मत आजही आहे, पण ताईंना जे लिहिलं ते जरा कडक झालं, त्याबद्दल क्षमस्व. मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे कामाचं लिहितो.

पायऱ्या ४७ का? वर २५,००० व्होल्टची तार आहे, तिच्यावर सुरक्षित अंतर सोडून पूल न्यावा लागतो. पुलाची फरशी रुळापासून सात मीटरांच्या आसपास जाते. १५ सेंटिमीटरची पायरी धरली की ४६-४७ होतातच. उंची कमी होणार नाही. म्हणून मागणीत नुसतं 'पूल' लिहू नका, 'रॅम्प किंवा लिफ्टसह पूल' लिहा. रॅम्प १:१२ उताराचा धरला तर सात मीटरला ८४ मीटर लांबी लागते, वर विसाव्याचे टप्पे, दुमडून घ्यावा लागेल. चाळीच्या बाजूला जागा आहे का ते मोजून ठेवा. नसेल तर लिफ्ट. भुयारी मार्ग कमी खोल जातो, पायऱ्या कमी लागतात, पण समुद्रसपाटीच्या भागात पंपाशिवाय तो चार महिने तळं होतो.

हवं असेल तर मी येऊन मोजून देतो. खर्च नको.

शाळाबाई

आमच्या शाळेतली निम्मी मुलं रुळापलीकडून येतात. पावसाळ्यात छत्री आडवी धरलेली असते आणि त्या बाजूचं काहीच दिसत नाही. आता तर कानात इअरफोन. आम्ही दोघी शिक्षिका जून ते सप्टेंबर पुलाच्या पायथ्याशी सकाळी उभ्या राहतो, मुलांना वर पाठवतो. एवढंच हातात आहे. ताई, अर्जावर शाळेचं पत्र जोडा. मुख्याध्यापकांच्या सहीने, किती विद्यार्थी पलीकडून येतात तो आकडा घालून. आमच्याकडे त्या पत्रानंतर पाहणी झाली. पूल अजून झाला नाही, पण जागेवर खुणा मारून गेले आहेत.

पलीकडची

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा उघडा ठेवून चाळीच्या ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. मावशींची मुलगीही होती.

रविवारी 'नियमाने' दादा टेप घेऊन आले. चाळीच्या बाजूला भिंतीलगत मोकळी पट्टी आहे ती ११ मीटर रुंद निघाली. दुमडलेला रॅम्प बसेल असं ते म्हणाले, नकाशा काढून देणार आहेत. भिंतीपर्यंतच गेलो, आत पाऊल टाकलं नाही.

सोमवारी आम्ही मोजणी केली. चाळीतली सहा जणं आळीपाळीने गच्चीवर बसलो, पहाटे ५ ते रात्री १०. प्रत्येक माणसाला वहीत एक रेघ. ओझं असेल तर रेघेवर टिंब, सोबत मूल असेल तर गोल. सकाळी ७ ते ९ मध्ये वहीची चार पानं भरली. दिवसभरात १,१३८ रेघा झाल्या, त्यातली २६४ टिंबं. एकाही रेघेला नाव नाही.

एका दिवसाचा आकडा कमी पडेल असं 'कलम सोळा' यांनी निरोपात कळवलं. म्हणून बुधवार आणि शनिवार, बाजाराच्या दिवशी, परत मोजणार आहोत. जुन्या भगदाडाच्या जागेला आम्ही चाळीच्या नळावरून 'नळवाट' नाव दिलं आहे आणि अर्जात तेच लिहिलं आहे, जवळच्या किलोमीटरच्या खांबाच्या क्रमांकासकट. शाळेचं पत्र उद्या मिळेल. वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून अर्ज शुक्रवारी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात देऊ, पोच घेऊ आणि तिचा फोटो इथे टाकीन.

शनिवारी दुपारी २ ते ६ गच्चीवर बसायला एक माणूस कमी आहे. जवळपास कुणी राहत असेल तर निरोप टाका. चहा आमच्याकडे.